घरातील व्यक्तीने भरावे

चहाच्या कपाखाली कागद होता आणि कागदावर जिथे सही करायची तिथे फुली मारून ठेवली होती. कपाच्या बुडाचा ओला गोल त्या फुलीला अर्धवट कवेत घेऊन वाळत होता. "तेवढी सही कर गं, बाकी मी भरलंय," नवरा आतल्या खोलीतून म्हणाला. म्हणाला कसलं, भिंतींना बजावलं. इंजेक्शन घेऊन आज नववा दिवस होता, आणि नवव्या दिवशी त्याचा आवाज अजून पुरता उतरलेला नसे. तिनं चष्मा लावला. वर ठळक अक्षरांत होतं: पुरुष हार्मोन उपचार, नवीन नियमांनुसार. त्याखाली भाग एक, रुग्णाने भरावे. भाग दोन, घरातील व्यक्तीने भरावे. या दुसऱ्या भागात सात प्रश्न होते. उपचार सुरू झाल्यापासून स्वभावात फरक जाणवतो का? राग, चिडचिड वाढली आहे का? झोपेत श्वास अडकतो का? असे सात, आणि खाली तीन रिकाम्या ओळी, 'आणखी काही सांगायचे असल्यास'. सातही प्रश्नांपुढे 'नाही'च्या चौकोनात त्याच्या हातच्या ठसठशीत खुणा होत्या, लाकडाच्या वखारीत मुकादम असताना तो ओंडक्यांवर खडूनं करायचा तशा. तिला कुणीतरी काहीतरी विचारलं होतं आणि तिच्या वतीनं उत्तर देऊनही झालं होतं. तसं यात नवीन काही नव्हतं. चाळीस वर्षं तिनं बँकेत, शाळेत, घरभाड्याच्या करारावर फुली बघूनच सही केली होती. पण आज घशात टाचणी आडवी झाल्यासारखं वाटलं. शिवणकाम करताना ती टाचण्या ओठांत धरते. एवढ्या वर्षांत एकही गिळली नव्हती.

"काय वाचतेस एवढं? परीक्षा आहे का?"

"मला विचारलंय ना अहो, म्हणून वाचते."

"तुला कोण विचारतंय! विचारलंय मला. तू साक्षीदार."

"संध्याकाळी करते," ती म्हणाली, आणि कागदाची चार पदरी घडी घालून तिनं तो कामाच्या पिशवीत टेपच्या शेजारी सरकवला. तो आतून पुन्हा काहीतरी बोलला. तिला ऐकू आलं, पण तिनं ऐकलं नाही, आणि या दोन्हींत केवढं अंतर असतं ते जिना उतरताना तिच्या पायांना कळत होतं.

कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात, मागच्या पडद्याआड तिचं टेबल होतं. लोक तिथे आपापली बदललेली अंगं घेऊन येत. खांद्यावरून ओघळणारे कोट, पोटाशी भांडणाऱ्या पँटी, आजारपणानंतर भोवती फिरणारे झगे. जुन्या शिंप्यानं शिवलेलं असेल तर आत माया असते, शिवणीत दुमडून ठेवलेलं बोटभर जादा कापड. ते उसवलं की माणूस पुन्हा कपड्यात मावतो. हल्लीच्या तयार कपड्यांना माया नसते. ते ती हातात घेऊन आत बघते आणि परत देते, यात काही करता येणार नाही म्हणून. नवऱ्याचे शर्ट तिनेच शिवलेले होते. तो रिटायर झाला त्यानंतर दोन वर्षांत तिनं ते सगळे खांद्यातून आत घेतले, आणि गेल्या वर्षभरात तेच पुन्हा उसवून बाहेर सोडले. गळ्याचं माप पाऊण इंचानं वाढलं होतं. कुठल्याही तपासणीआधी तिच्या टेपला सगळं कळलं होतं. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, अमुक महिन्यात हा माणूस आटला, अमुक महिन्यात पुन्हा फुगला, आणि मधली चार वर्षं तो असा होता की त्याच्यासाठी नव्यानं शिवायला हवं होतं.

ती चार वर्षं. वखारीत करवतीच्या वर आवाज काढायची सवय झालेला माणूस, घरी मीठ मागायचं तरी क्रेनवरच्याला हाक मारल्यासारखा मागायचा. रिटायर झाल्यावर तो आवाज हळूहळू विझत गेला. आधी तिला वाटलं, रुसलाय. मग वाटलं, आजारी आहे. मग एका दुपारी तो तिच्या टेबलाजवळच्या स्टुलावर येऊन बसला, डबा द्यायला आला होता, आणि म्हणाला, "हे काज कसं करतात गं?" एवढ्या संसारात त्यानं तिला पहिल्यांदा काहीतरी कसं करतात ते विचारलं होतं. तिनं दाखवलं. त्यानं दोरा ओवायला घेतला, त्याला जमेना, दोघंही हसली. मग तो रोजच येऊ लागला. बटणांचे रंग वेगळे करून डब्यांत भरायचा. तिनं काही सांगितलं की वाक्य पुरं होईपर्यंत थांबायचा. लेकीचा फोन आला की डोळे भरून यायचे त्याचे, आणि लेक विचारायची, "आई, हे कुठले बाबा गं? आमच्या वेळी का नव्हते?" खरंच, कुठले होते? या माणसाच्या आत तो कुठे दुमडून ठेवलेला होता एवढी वर्षं?

पण खोटं कशाला बोला, त्याला तसं राहणं सोसत नव्हतं. एकदा ती घरी आली तर तो आरशासमोर सदरा काढून उभा होता, दंडाची कातडी चिमटीत धरून. "पुसला जातोय मी," तो म्हणाला. "बघ. वरून खाली कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसत आणलंय." दुपारी जेवला की झोपायचा आणि उठल्यावर झोपलो म्हणून स्वतःवर चिडायचा. चार जिने चढून आला की दाराशी उभा राहून दम खायचा, आणि ती दार उघडायच्या आत दम लागलाच नाही असा चेहरा करायचा. ती आतून ते दाराच्या भोकातून बघायची आणि मुद्दाम दार उघडायला उशीर लावायची. तिला तो असाही चालत होता. नुसता चालत नव्हता, आवडत होता. पण एका माणसाला आपला नवरा हवाहवासा वाटावा आणि त्याच वेळी त्या नवऱ्याला स्वतःचीच शिसारी यावी, याचं काय करायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या त्याच्या दोस्तानं, ज्याला सगळे पैलवान म्हणत, त्याला ते पुरुषांचं क्लिनिक दाखवलं. ती बरोबर गेली होती. रक्त नाही, तपासणी नाही, दहा प्रश्नांचा एक कागद. संध्याकाळी थकवा वाटतो का? पूर्वीसारखी उमेद राहिली नाही का? जेवणानंतर डुलकी लागते का? उंची कमी झाल्यासारखी वाटते का? तो एकेका प्रश्नावर खिन्न होत खूण करत होता. तिनं काउंटरवरून आणखी एक कागद घेतला आणि नुसतीच गंमत म्हणून स्वतःचा भरला. दहापैकी दहा. तिनं तो काउंटरवरच्या मुलीला दाखवला. "मलाही द्या एक इंजेक्शन." मुलगी खळखळून हसली. "अहो काकू, तुमचं वयच आहे ते!" तीही हसली. पण बसमध्ये बसल्यावर तिला आठवलं, तिच्या अंगातून सगळं निघून गेलं तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. रात्रीतून दोनदा गाऊन बदलायची, आणि हाच माणूस म्हणाला होता, "पंखा लावून झोप ना." तिनं पंखा लावला होता. तेवढाच उपचार.

पहिला महिना तिलाही आवडला. जिन्यात शीळ ऐकू यायची. त्यानं कपाटाचं बिजागर बसवलं, खिडक्या घासल्या, तिला स्वयंपाकघरातून ओढत नेऊन गॅलरीत उभं केलं, काय तर चंद्र बघ. आणि आत, अंथरुणातही, थोडा वेळ दोघं पंचविशीतल्यासारखी लाजली. मग ते कामांच्या यादीत गेलं. बिजागर, खिडक्या, ती. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. पहिल्या दिवसापासून पाऊल वाजायला लागायचं, तिसऱ्या-चौथ्याला घर भरून तोच असायचा, दहाव्यानंतर ओसरायचा, आणि सतराव्यापासून विसाव्यापर्यंत, एकविसाव्याला पुन्हा टोचून घेईपर्यंत, तो स्टुलावर बसणारा माणूस परत यायचा. चार दिवस. एके काळी महिन्यातले चार दिवस तिचे नसायचे. आता तीन आठवड्यांतले चारच तिचे होते. मशीन चालवताना पायाच्या ठेक्यावर तिच्या मनात आपोआप ओळी जुळत, बाईमाणसाच्या हाताला काम आणि मनाला जाच असला की जुळतात तशा:

पहिल्या दिवशी गं बाई, जिना दणादण बोले,
तिसऱ्या दिवशी गं बाई, भिंत दचकून डोले.
अठराव्या दिवशी गं बाई, हलके दार कुणी लोटी,
विसाव्या दिवशी गं बाई, माझं नाव त्याच्या ओठी.

लेकही शिकली होती. "आई, आज कितवा?" फोनवर तिचा पहिला प्रश्न. "पाचवा." "मग या रविवारी नाही येत." एकदा पाचव्या दिवशी येऊन बसली होती, आणि त्यानं जावयाला जेवता जेवता, 'बायकोच्या मुठीतला' म्हणून असं काही सुनावलं होतं की जावई अर्ध्या ताटावरून उठला. विसाव्या दिवशी त्यानंच आपणहून म्हटलं, मी माफी मागतो त्याची, उद्या फोन करतो. तिनं आनंदानं लेकीला कळवून टाकलं. उद्या एकविसावा होता. नंतर विचारलं तर म्हणाला, "मी? माफी? त्या दिवशी माझं काही खरं नव्हतं." ती तेव्हा शिकली की त्या चार दिवसांत त्यानं दिलेला शब्द कच्च्या टाक्यासारखा असतो. धरून ठेवतो, पण त्यावर अंग टाकायचं नाही.

आणि आता नियम आला. नुसतं वय झालं म्हणून पातळी उतरली असेल तर तो आजार धरणार नाहीत. सकाळच्या दोन तपासण्या, रक्त किती दाट झालंय ते, आणि घरातल्या माणसाचं म्हणणं. पहिल्या तारखेआधीचं एक इंजेक्शन जुन्या पद्धतीनं मिळेल. मग तीन दिवसांच्या आत हा कागद, नाहीतर बंद. पैलवान घरी येऊन सोफ्यावर आपटला होता. "वहिनी, आता सरकार सांगणार आम्ही किती पुरुष ते! टेप आणा तुमची, मापून देतो." नवरा हसला नव्हता. "मी चाळीस वर्षं ओंडके उतरवले, कुणी विचारलं नाही माझं रक्त दाट आहे का पातळ. आता जरा जगावंसं वाटतंय तर आले फॉर्म घेऊन." तिला त्याचा राग पटला होता. तिलाही तो नियम फारसा आवडला नव्हता. कुठल्यातरी कचेरीत बसून कुणीतरी ठरवायचं की म्हातारपण किती आणि आजार किती. पण त्या कचेरीतल्या कुणाला तरी, कोण जाणे कुणाला, घरातील व्यक्ती सुचली होती. सात चौकोन आणि तीन ओळी. तिला उभ्या आयुष्यात कुणी एवढी जागा दिली नव्हती.

दहा दिवस कागद तिच्या पिशवीत राहिला. "केलीस का?" "करते." "केलीस का?" "दोरा आणायचाय, येताना करते." एकोणिसाव्या दिवशी तो दुकानात आला आणि स्टुलावर बसला. बराच वेळ त्यानं टेबलावरची दोऱ्याची टोकं निवडली. मग म्हणाला, "तुला नकोय ना ते? सही नको करूस मग. मी सांगतो त्यांना, बंद करा. मला कळतं गं. मी बरा नसतो." टेबलावर त्याचा हात होता, त्या हातावरचा लाकडाच्या कुसळाचा जुना निळा व्रण तिला पाठ होता. तिनं फक्त 'बरं' म्हणायचं होतं. पडदा सरकवून दुकानाचा फोन उचलायचा, क्लिनिकला सांगायचं, याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, आणि परवाचं इंजेक्शन टळलं असतं. तिच्या जिभेवर तो 'बरं' आला, लाळेसारखा गोड. मग तिनं त्याच्याकडे बघितलं. तो अशा तऱ्हेनं मान खाली घालून बसला होता की ती त्यानं कशालाही हलवली असती. तिनं म्हटलं असतं घर विक, तर हो म्हणाला असता. झोपेतल्या माणसाचा अंगठा कागदावर उमटवून घेण्यात आणि यात तिला फरक दिसेना. चाळीस वर्षं आपण फुलीवर सही करत आलो, आता याच्याकडून करून घ्यायची?

"हे आज नका सांगू," ती म्हणाली. "इंजेक्शन घ्या परवा. मग बोलू."

"घेऊ म्हणतेस?"

"घ्या."

तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. ती मशीनकडे वळली. तिनं आपल्या हातानं आपले चार दिवस संपवले होते, आणि सुईखालचं कापड सरळ जात नव्हतं.

इंजेक्शन झालं, त्याच वेळी तपासणीला रक्तही घेतलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरातल्या सिंकखाली उताणा पडून नळाची जोडणी आवळत होता, पान्याचे आवाज, शिव्या, सगळं घर कामाला जुंपलेलं. तिनं टेबल पुसलं, टाचण्यांची डबी बाजूला केली, कागद उलगडला आणि पेन घेतलं.

"अहो, बाहेर या. बसा इथे."

"दिसत नाही का, काय करतोय ते?"

"दिसतंय. म्हणूनच आता या."

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, तो सरपटत बाहेर आला. "काय आहे? अजून सही नाही केलीस? आज शेवटची तारीख आहे!"

"माझा भाग मी भरणार आहे. तुमच्यासमोर." तिनं पहिल्या 'नाही'वर आडवी रेघ मारली आणि 'हो'च्या चौकोनात खूण केली. मग दुसऱ्यावर. तो उभ्या उभ्या बघत होता, हातातला पाना तसाच. तिसऱ्या प्रश्नाशी ती थांबली. "हा श्वासाचा. रात्री तुमचा श्वास बंद पडतो. मी अंक म्हणत पडते. एकदा बाविसापर्यंत गेले. तुम्हाला ठाऊक नाही, कारण तुम्ही झोपलेले असता. याचं 'नाही' तुम्ही कसं लिहिलंत?"

"डाव आहे हा तुझा!" आता तो ओरडला. "त्या दिवशी मी स्वतः म्हणालो बंद करतो, तेव्हा का नाही घेतलंस पदरात? तेव्हा मारे, इंजेक्शन घ्या!"

"तेव्हा तुम्ही कशालाही हो म्हणाला असतात. मला 'नाही' म्हणू शकणाऱ्या माणसाला सांगायचं होतं."

त्याची मूठ टेबलावर आली. डबी उडाली, टाचण्या फरशीवर, ओट्याखाली, त्याच्या चपलांत विखुरल्या. एरवी ती तत्क्षणी गुडघ्यावर बसली असती. ती लिहीत राहिली. शेवटच्या तीन ओळींत तिचं अक्षर लहान आणि सुबक होतं, कपड्याच्या आतल्या बाजूला गिऱ्हाइकाची खूण घालते तसं: हा माणूस वाईट नाही. याला जोर हवा आहे, ते मला समजतं. पण याच्या जोरानं मी घरात अंग चोरून चालते. माझा नवरा मला तीन आठवड्यांतून चार दिवस भेटतो. लिहून झालं तसं तिनं ते मोठ्यांदा वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता, आणि खाली सही केली. फुलीवर नाही, तिच्या शेजारी.

"टाचण्या उचल," तो म्हणाला. "पायात जाईल कुणाच्या."

"तुम्ही उडवल्यात."

त्यानं पाना ओट्यावर ठेवला.  मग तो खाली बसला. त्याची जाड बोटं एकेका टाचणीशी झटापट करत होती, ती निसटत होती, तो तिला शिव्या घालत होता, टाचणीला की हिला ते स्पष्ट नव्हतं. तिला मदत करावीशी वाटली, फार वाटली. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. "झालं," शेवटी तो म्हणाला आणि डबी तिच्यासमोर आदळली. "चल. दे जाऊन तुझा निबंध."

क्लिनिकमधली डॉक्टर तरुण होती. तिनं तो कागद दोनदा वाचला, रक्ताचा रिपोर्ट त्याच्या शेजारी ठेवला. "काका, रक्त दाट झालंय तुमचं, बऱ्यापैकी. त्यात हे श्वासाचं. नियमानं मला इंजेक्शन थांबवावं लागेल. तीन महिने. मग सकाळी दोनदा पातळी बघू. खरोखरच आजाराइतकी खाली असेल तर पुन्हा देऊ, थोडं थोडं, चढउतार होणार नाहीत असं."

"आणि नसेल तर?"

"तर या औषधाचं तिथे काही काम नाही. तुम्हाला मान्य आहे?"

"नाही."

डॉक्टरनं पेन थांबवलं आणि तिच्याकडे बघितलं. बाईमाणसानं आता सावरून घ्यायचं असतं, असंच ते बघणं होतं. काही नाही हो, बोलतात ते असे, ऐकतील. ते वाक्य तिच्याकडे तयार होतं, इस्त्री करून ठेवलेलं.

"मग त्यांच्या भागात 'नाही' लिहा," ती म्हणाली. "त्यांचं त्यांच्यात. माझं माझ्यात राहू दे."

बाहेर दगडी पायऱ्या होत्या, ऊन होतं, वर येणाऱ्या माणसांची रांग होती. तो चार पायऱ्या पुढे उतरला आणि वळला. त्याचे कान लाल झाले होते. "झालं समाधान? म्हातारा करून टाकलंस मला. एका सहीनं."

ती जिथे होती तिथेच थांबली. तिला खूप गोष्टी म्हणता आल्या असत्या, त्याच्या भल्याच्या, त्याच्या रक्ताच्या, त्याच्या श्वासाच्या. त्या खऱ्या होत्या. पण सगळ्यांच्या तळाशी एक होती, ती त्याच्या भल्याची नव्हती, तिची स्वतःची होती, आणि तीच वर आली.

"म्हातारी आपण दोघं होत होतो," ती म्हणाली. "बरे चाललो होतो की. तुम्ही मध्येच उतरून पळालात. पळा हवं तर, पाय तुमचे आहेत. पण मी काही एकटी म्हातारी होणार नाही!"

पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी हसलं. तो खालून तिच्याकडे बघत होता, तोंड अर्धवट उघडं, आणि हातानं, हळू, हळू, अशी खूण करत होता.

"नाही होणार," ती पुन्हा म्हणाली, तेवढ्याच मोठ्यानं.